पाणी विभागाच्या टेबलावर नव्याने बसताना: बेळगाव सीमाभागातल्या कारकुनासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातली बरीच मराठी मुलं-मुली स्थानिक संस्थांतल्या कारकुनी जागांसाठी अर्ज करतात. परीक्षेची पुस्तकं बाजारात भरपूर मिळतात. टेबलावर बसल्यावर पहिल्या सहा महिन्यांत काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. हा लेख मुख्यतः त्या सहा महिन्यांसाठी आहे. भर पाणी विभागावर आहे, कारण नव्या माणसाला बहुतेक वेळा तिथंच बसवतात आणि चूक झाली की लोक दुसऱ्या दिवशी घागर घेऊन तिथंच येतात.

आधी कार्यालय ओळखा

कर्नाटकात शहरी संस्थांची वर्गवारी लोकसंख्येवर ठरते. १० ते २० हजारांपर्यंत पट्टण पंचायत, २० ते ५० हजारांपर्यंत पुरसभा, ५० हजार ते ३ लाखांपर्यंत नगरसभा आणि त्यावर महानगरपालिका. बेळगाव महानगरपालिका १९७६ च्या कायद्याखाली चालते. निपाणी आणि गोकाकची नगरसभा, खानापूरची पट्टण पंचायत यांना १९६४ चा नगरपालिका कायदा लागू होतो. खेड्यात ग्रामपंचायत असते, तिचा कायदा १९९३ चा. बेळगावचा कॅम्प भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे, तो संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. त्याची भरती, सेवानियम, बिलं सगळं वेगळं.

आपलं कार्यालय कोणत्या कायद्याखाली येतं हे पहिल्याच दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे प्रत्येक टिप्पणीत कलम घालावं लागतं, आणि नगरसभेच्या फाइलमध्ये महानगरपालिकेच्या कायद्याचं कलम गेलं तर ती फाइल तशीच परत येते.

भरतीच्या वेळी सीमाभागातल्या मुलांच्या चुका

कारकुनाच्या मुख्य पायऱ्या दोन. द्वितीय दर्जा सहाय्यक, म्हणजे बोलण्यातला एसडीए, याला बारावी लागते. प्रथम दर्जा सहाय्यक, म्हणजे एफडीए, याला पदवी. वस्तुनिष्ठ पेपरात चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून अंदाजाने गोल भरणं महागात पडतं.

सक्तीच्या कन्नडची परीक्षा दहावीच्या दर्जाची, १५० गुणांची असते आणि उत्तीर्ण व्हायला ५० गुण लागतात. हे गुण गुणवत्ता यादीत धरत नाहीत, पण ५० च्या खाली गेलात तर बाकीच्या पेपरातले गुण वाया जातात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी तयारीची सुरुवात याच पेपरापासून करावी. रोज एक पान कन्नड हाताने लिहा. वाचता येतं म्हणून लिहिता येईल या भरवशावर राहू नका. जोडाक्षराचा दुसरा वर्ण खाली लिहायची सवय हाताला लागायला तीन-चार महिने जातात.

जाहिरातीत बहुधा दोन याद्या असतात, एक कल्याण कर्नाटकाची आणि एक उर्वरित मूळ वृंदाची, म्हणजे बाकीच्या राज्याची. संविधानाचं ३७१ जे कलम बिदर, कलबुर्गी, यादगीर, रायचूर, कोप्पळ, बळ्ळारी, विजयनगर या कल्याण कर्नाटकातल्या जिल्ह्यांसाठी आहे. बेळगाव जिल्हा त्यात येत नाही, आपण दुसऱ्या यादीत.

आरक्षणाच्या रकान्यांत दोन जागा नीट वाचा. ग्रामीण उमेदवारांना २५ टक्के आणि कन्नड माध्यमातून शिकलेल्यांना ५ टक्के जागा राखीव असतात. येळ्ळूरच्या किंवा जांबोटीच्या मराठी शाळेत पहिली ते दहावी शिकलेल्या मुलाला कन्नड माध्यमाचा लाभ नाही, पण ग्रामीण लाभ मिळू शकतो. तो रकाना रिकामा सोडणारे दर भरतीत भेटतात. दाखला अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आतला हवा. नंतर काढलेला दाखला चालत नाही आणि अर्जात न मागितलेलं आरक्षण पडताळणीच्या वेळी मागता येत नाही.

कचेरीतलं कन्नड

कचेरीतलं कन्नड घरी-बाजारात ऐकतो त्यापेक्षा वेगळं आणि ठरीव असतं. पन्नास-साठ शब्द पक्के झाले की निम्मा टपाल समजायला लागतो. अर्जी म्हणजे अर्ज. कडत म्हणजे फाइल. सुत्तोले म्हणजे परिपत्रक. नडावळी म्हणजे सभेचं किंवा आदेशाचं कार्यवृत्त. हिंबरह म्हणजे अर्जदाराला कार्यालयाने दिलेलं लेखी उत्तर. विषय निर्वाहक म्हणजे तो विषय सांभाळणारा कारकून, म्हणजे तुम्ही. तुर्तु म्हणजे तातडीचं. मराठी माणसाला आधार असा की टिप्पणी, ठराव, शेरा, बाकी, जमा, खर्च, रसीद, खाते हे शब्द थोड्या फरकाने तिथंही तेच आहेत.

कन्नड अंकांकडे विशेष लक्ष द्या. हाताने लिहिलेले सहा आणि नऊ एकमेकांसारखे दिसतात. जुन्या मागणी वहीतला आकडा उतरवताना शंका आली तर त्या ओळीची बेरीज करून पाहा, अंदाजाने लिहू नका.

मराठीतून आलेला अर्ज घ्यायचा की नाही, हा प्रश्न नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात पडतो. घ्यायचा. संविधानाच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचं निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. अर्जावर आवक क्रमांक टाका, पोच द्या, आणि आतल्या टिप्पणीत त्याचा सारांश कन्नडमध्ये लिहा, कारण राज्याची प्रशासनाची भाषा कन्नड आहे. सारांश तीन ओळींचा पुरे: कोण, कुठल्या प्रभागातलं, काय मागणं. मूळ अर्ज फाइलमध्येच राहतो. म्हातारा माणूस आपली अडचण आपल्या भाषेत लिहून आणतो तेव्हा ती पुढच्या टेबलाला कळेल अशी पोचवणं हे दोन्ही भाषा जाणणाऱ्या कारकुनाचं काम आहे, आणि ते तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही.

कागद आला की काय करायचं

क्रम ठरलेला आहे. कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि आवक वहीत नोंद करून क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक अर्जदाराच्या प्रतीवर टाकायचा. सेवा सकाल, म्हणजे ठरलेल्या मुदतीत सेवा देण्याच्या राज्याच्या योजनेतली असेल तर संगणकात घालून १५ अंकी क्रमांकाची पावती द्यायची. सकाल २०११ च्या कायद्याने आलं. मुदतीत सेवा मिळाली नाही तर दिवसाला २० रुपये, जास्तीत जास्त ५०० रुपये भरपाई अर्जदाराला मिळते आणि ती जबाबदार कर्मचाऱ्याकडून वसूल होते. म्हणून अपुऱ्या कागदांचा अर्ज ‘ठेवून जा, बघतो’ म्हणत घेऊ नका. काय कमी आहे ते खिडकीतच कागदावर लिहून द्या.

मग टिप्पणी. परिच्छेदांना क्रमांक द्या. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात तपासलेली कागदपत्रं, तिसऱ्यात नियम, चौथ्यात प्रस्ताव. शेवटी सही आणि सहीखाली तारीख. फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस होती, हे पुढे केवळ त्या तारखेवरून कळतं. पानांना क्रमांक त्याच दिवशी घाला. माहिती अधिकाराचा अर्ज आला की ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि त्या वेळी क्रमांक नसलेल्या फाइलमधलं एखादं पान गहाळ आहे की कधी नव्हतंच, हे कुणालाच सांगता येत नाही.

पाणी येतं कुठून

कारकुनाला पंपाचं काम येण्याची गरज नाही, पण पाण्याचा रस्ता माहीत हवा. बेळगाव शहराला मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून पाणी येतं. निपाणीत जवाहर तलाव आणि यमगर्णीजवळची वेदगंगा. खानापूरला मलप्रभा, जी त्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते. स्रोत, पंप, शुद्धीकरण केंद्र, उंचावरची टाकी, मुख्य वाहिनी, व्हॉल्व्ह, गल्लीतली वाहिनी, घराचं कनेक्शन असा हा प्रवास आहे.

रुजू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक सकाळ व्हॉल्व्हमनबरोबर फिरा. कुठल्या चावीने कुठल्या गल्ल्यांना पाणी सुटतं, किती वाजता, किती वेळ, ते वहीत उतरवा. ‘आमच्याकडे तीन दिवस पाणी नाही’ ही तक्रार आली की त्या वहीवरून दोन मिनिटांत कळतं की अख्ख्या चावीखालचा भाग कोरडा आहे की एकच घर. अख्खा भाग कोरडा असेल तर अभियंत्याला फोन करायचा. एकच घर असेल तर त्याच्या कनेक्शनवरचा कॉक, गाळणी, मीटर तपासायला प्लंबर पाठवायचा. हा फरक न कळल्यामुळे अनेक तक्रारी विनाकारण आठवडाभर फिरत राहतात.

मीटर वाचायला शिका

मीटर रीडर वेगळा असला तरी बिल दुरुस्त करताना रीडिंग तुम्हालाच समजावं लागतं. घरगुती मीटर बहुधा १५ मिलिमीटरचं असतं. तबकडीवर काळे अंक घनमीटर दाखवतात आणि लाल अंक किंवा लाल काटे त्याहून लहान भाग. १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. बिलासाठी फक्त काळे अंक घ्यायचे. काळे अंक ००३४७ आणि त्यापुढे लाल ६२५ दिसत असतील तर रीडिंग ३४७. कुणी लाल अंकही जोडून ३४७६२५ लिहिलं की बिल हजारपट होतं, आणि ती घरातली बाई खिडकीत रडत उभी राहते. अशा वेळी ‘आधी भरा, मग बघू’ म्हणू नका. मागची तीन रीडिंगं काढा, फोटो मागवा, दुरुस्तीची टिप्पणी त्याच दिवशी वर पाठवा.

चुका जिथं सापडतात त्या जागा ठरलेल्या आहेत. अंकांची अदलाबदल, म्हणजे ३४७ चं ३७४. मीटर बदलताना जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग न लिहिणं. ही सगळ्यांत वाईट, कारण दोन वर्षांनंतर ती कुणालाच सोडवता येत नाही. मीटर उलटं बसवलेलं असणं. पाण्याच्या दिशेचा बाण मीटरच्या अंगावर असतो, तो पाहायला सांगा. दार बंद म्हणून महिनोन्महिने सरासरी बिल जात राहणं आणि एके दिवशी खरं रीडिंग आलं की एकदम मोठी रक्कम निघणं. आणि पाणी सुटताना वाहिनीतली हवा मीटर फिरवते, ही आठवड्यातून काही तासच पाणी येणाऱ्या भागातली खरी तक्रार आहे. लोक बहाणा करतात असं समजू नका.

बिल जास्त आल्याची तक्रार घेऊन कुणी आलं तर घरी करण्याची साधी तपासणी सांगा: ‘मावशी, घरातले सगळे नळ बंद करा, टाकीचा फ्लोटही वर बांधा, आणि मीटरमधली छोटी चांदणीसारखी चकती फिरते का बघा.’ फिरत असेल तर मीटरच्या पुढे घरात गळती आहे. बहुतेक वेळा ती संडासाच्या फ्लशमध्ये किंवा जमिनीखालच्या टाकीच्या फ्लोटमध्ये सापडते.

मागणी, वसुली, बाकी

पाणी विभागाच्या कारकुनाचा कस या तीन रकान्यांत लागतो. कचेरीत याला डीसीबी म्हणतात. समजा एका प्रभागात वर्षाच्या सुरुवातीची जुनी बाकी २,४०,००० रुपये आणि चालू मागणी ९६,०००. एकूण मागणी ३,३६,०००. वसुली १,५०,००० झाली तर बाकी १,८६,०००. गणित सोपं आहे, गोंधळ वसुली विभागण्यात होतो. १,५०,००० पैकी जुन्या बाकीवर किती आणि चालू मागणीवर किती, हे पावतीगणिक लिहिलं नाही तर मार्चअखेरीस ताळा लागत नाही. रोज संध्याकाळी दहा मिनिटं त्यासाठी ठेवा.

पावती पुस्तक हाती घेताना पानं मोजा आणि पहिला-शेवटचा क्रमांक साठा वहीत लिहून सही करा. रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवा, फाडून टाकू नका. त्या दिवसाची रोकड त्याच दिवशी किंवा पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत गेली पाहिजे. ‘उद्या दोन्ही दिवसांचं एकदम भरू’ असं म्हणत ती लांबते, आणि लेखापरीक्षणात अशा प्रत्येक दिवसाचा जाब द्यावा लागतो. चेक वटला नाही तर वसुली उलटी फिरवून मागणी पुन्हा उभी करा. ऑनलाइन भरणा बँकेच्या विवरणाशी आठवड्यातून एकदा ताडा. पैसे कापले गेले पण बिलात दिसत नाहीत, असे लोक मग खिडकीत कमी येतात. नागरी संस्थांचे हिशेब २००६ च्या लेखा व अंदाजपत्रक नियमांप्रमाणे दुहेरी नोंदीने ठेवतात. वाणिज्य शाखा नसलेल्यांनी जमा-नावे एवढं तरी कुणाकडून शिकून घ्यावं.

आणखी एक आकडा काढत जा. टाकीतून दिवसाला ५०० घनमीटर पाणी सुटलं आणि बिलात ३१० आलं, तर १९० घनमीटरचा, म्हणजे ३८ टक्के पाण्याचा महसूल मिळत नाही. त्यातलं सगळंच फुटक्या पाइपातून जात नाही. बरंच बंद मीटर, न नोंदलेली कनेक्शनं आणि चुकलेल्या रीडिंगमध्ये जातं. म्हणजे तुमच्या वहीतून. पाइप दुरुस्त करायला खड्डा खणावा लागतो, वही दुरुस्त करायला एक खुर्ची आणि चिकाटी पुरते.

ब्लीचिंग पावडरची वही

लहान गावात ब्लीचिंग पावडरचा साठा कारकुनाच्या ताब्यात असतो. १ लाख लिटर पाण्याला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर २०० ग्रॅम क्लोरीन लागतं. पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन असेल तर सुमारे ६०० ग्रॅम पावडर. पण तोंड उघडं राहिलेल्या, ओल लागलेल्या पोत्यातली पावडर २० टक्क्यांवर आली असेल तर तेवढ्याच पाण्याला १ किलो लागते. खानापूरच्या पावसाळ्यात हे हमखास घडतं. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून दूर ठेवा, आधी आलेलं आधी काढा आणि पोत्यावर आलेली तारीख लिहा. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन दिसलं पाहिजे. ती तपासणी टाकीजवळच्या नळावर करून वहीत ‘ठीक’ लिहिण्याची सवय धोक्याची आहे. वहीत नळाचा पत्ता आणि वेळ लिहायला लावा.

नावं, गावं, मोजमापं

नवीन कनेक्शनच्या अर्जाबरोबर मिळकतीचा उतारा, कर भरल्याची पावती, ओळखपत्र आणि जागेचा कच्चा नकाशा येतो. रस्ता खोदायचा असेल तर त्याचं शुल्क वेगळं. सीमाभागात यातली अडचण बहुतेक नावाची असते. आधारवर इंग्रजी, उताऱ्यावर कन्नड, जुन्या खरेदीपत्रावर मराठी. चव्हाण, चौगुले, पाटील अशी रोजची आडनावंही तीन कागदांवर तीन तऱ्हांनी येतात. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’, ‘ओ’ वेगळे लिहितात, मराठीत तो फरक नाही, म्हणून ‘शिंदे’सारख्या नावातही घोळ होतो. नाव टंकताना अर्जदाराला पडद्यावर दाखवा, वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवा. नंतरच्या दुरुस्तीला अर्ज, प्रतिज्ञापत्र आणि दोन-तीन हेलपाटे लागतात.

गावाच्या नावातलं बुद्रुक आणि खुर्द पूर्ण लिहा. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत, आणि इंग्रजी आद्याक्षरांत लिहिलं की कागद चुकीच्या पंचायतीत जातो. जागेचं माप लोक गुंठ्यात सांगतात. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ४० गुंठे म्हणजे १ एकर. उताऱ्यावर चौरस मीटर असतील तर दोन्ही लिहा.

नोकरी पक्की होण्याआधी

परिवीक्षा साधारण दोन वर्षांची असते. त्या काळात खातेनिहाय परीक्षा आणि संगणक साक्षरता परीक्षा यांचे अर्ज सुटू देऊ नका; वेतनवाढ आणि बढती त्यावर अडकते. सेवा पुस्तिकेतली जन्मतारीख, नाव, वारस यांच्या नोंदी वर्षातून एकदा स्वतः वाचा. १ एप्रिल २००६ पासून रुजू झालेल्यांना नवी निवृत्तिवेतन योजना लागू झाली, त्याचा कायम निवृत्ती खाते क्रमांक (प्रान) पहिल्या पगारापूर्वी मागून घ्या.

बदली झाली की पदभाराची यादी नीट करा. ‘सर्व फाइली दिल्या’ असं लिहून सही करू नका. चालू फाइलींचे क्रमांक, त्यातल्या प्रलंबित सकाल अर्जांच्या मुदती, पावती पुस्तकांचे न वापरलेले क्रमांक, ब्लीचिंगच्या पोत्यांची संख्या, कपाटाच्या किल्ल्या आणि व्हॉल्व्हची ती वही, सगळं ओळीने लिहा. यादीच्या दोन प्रतींवर दोघांच्या सह्या घ्या आणि आपली प्रत घरी ठेवा.